अटलांटिकपार प्रवासी जहाजवाहतूक

अटलांटिकपार प्रवासी जहाजवाहतूक म्हणजे युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या दरम्यान उत्तर अटलांटिक महासागर ओलांडून जाहीर वेळापत्रकानुसार चालणारी प्रवाशांची सागरी वाहतूक होय. १८१८ मध्ये शिडाच्या जहाजांनी सुरू झालेली ही वाहतूक १८३८ पासून आगबोटींकडे गेली आणि पुढील सव्वाशे वर्षे दोन्ही खंडांमधील प्रवासाचे मुख्य साधन राहिली. १९५८ मध्ये या मार्गावर जेट विमाने आल्यानंतर दोन दशकांच्या आत ती जवळजवळ संपुष्टात आली. सध्या साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या मार्गावर कुनार्ड कंपनीचे क्वीन मेरी २ हे एकच लायनर नियमित सेवा देते. विमानाने सात-आठ तासांत होणारा हा प्रवास या जहाजाने साधारणपणे सात रात्रींचा होतो.

लायनर आणि पर्यटन जहाज

ठरावीक मार्गाला सागरी व्यवहारात 'लाइन' म्हणतात. अशा मार्गावर नेमाने ये-जा करणारे जहाज ते लायनर. पर्यटन जहाज, म्हणजेच क्रूझ जहाज, आणि लायनर या दोहोंत पुष्कळदा गल्लत केली जाते. क्रूझ जहाज प्रवाशांना फिरवून बहुधा निघाल्या बंदरात परत आणते आणि हवामान बिघडल्यास मार्ग बदलू शकते. लायनरला ही मोकळीक नसते. पलीकडच्या किनाऱ्यावर ठरल्या दिवशी पोहोचणे हेच त्याचे काम असल्यामुळे वादळातूनही वेग राखता येईल अशी त्याची बांधणी करावी लागते. लांब आणि निमुळता पुढचा भाग, पाण्याखाली अधिक खोल जाणारा सांगाडा, जाड पोलादी पत्रा, पाण्यापासून उंच ठेवलेली डेक आणि राखीव इंजिनशक्ती ही लायनरची लक्षणे आहेत. या सर्वांमुळे त्याच आकाराच्या क्रूझ जहाजापेक्षा लायनर बांधणे महाग पडते. नवी लायनरे बांधली जात नाहीत याचे हे एक मोठे कारण आहे.

शिडांपासून वाफेपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अटलांटिक ओलांडू इच्छिणाऱ्या प्रवाशाला बंदरावर वाट पाहत थांबावे लागे. जहाजाची वखार मालाने भरली आणि वारा अनुकूल झाला की जहाज निघे. तारीख आधी कोणी सांगत नसे. ५ जानेवारी १८१८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्लॅक बॉल लाइनचे जेम्स मन्रो हे शिडाचे जहाज जाहीर केलेल्या तारखेला, माल पुरेसा भरण्याची वाट न पाहता, लिव्हरपूलकडे निघाले. प्रवासाचा वेग यामुळे वाढला नाही, परंतु निघण्याची तारीख निश्चित झाली. पश्चिमी वाऱ्यांच्या साहाय्याने अमेरिकेहून इंग्लंडला येण्यास साडेतीन आठवड्यांच्या आसपास लागत. उलट दिशेने वाऱ्याविरुद्ध जाताना पाच-सहा आठवडेही लागत.

वाफेच्या इंजिनावर सबंध महासागर ओलांडता येईल काय, याविषयी १८३० च्या दशकात गंभीर शंका होती. एवढ्या अंतरासाठी लागणारा कोळसा जहाजात मावणारच नाही, जहाज मोठे केले तर इंजिनही मोठे लागेल आणि कोळसाही तितकाच वाढेल, असा आक्षेप होता. अभियंता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल याने त्यातील चूक दाखवली. जहाजाची माल वाहण्याची क्षमता लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर पाण्याचा विरोध साधारणपणे वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून जहाज जितके मोठे, तितका कोळसा मावायला अधिक जागा. याच गणितावर ब्रिस्टल येथे ग्रेट वेस्टर्न बांधले गेले. एप्रिल १८३८ मध्ये कॉर्कहून निघालेले सिरियस हे लहान जहाज त्याच्या काही तास आधी न्यूयॉर्कला पोहोचले, परंतु सिरियसचा कोळसा संपत आला होता; ग्रेट वेस्टर्नमध्ये सुमारे २०० टन शिल्लक होता. पहिला क्रमांक सिरियसचा असला तरी ब्रुनेलचे गणित त्या दिवशी खरे ठरले.

ब्रिटिश सरकारने टपाल वाहून नेण्याचा करार नोव्हा स्कोशियाच्या सॅम्युअल कुनार्ड यांना दिला आणि ४ जुलै १८४० रोजी त्यांचे ब्रिटानिया हे जहाज लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स व बोस्टनकडे निघाले. नियमित आगबोट सेवेचा आरंभ येथून मानला जातो. सरकारी टपालाचा पैसा हाच तिचा पाया होता, प्रवासी त्यावरची भर होते. जहाजावर ताज्या दुधासाठी गाय नेली जात असली तरी सुखसोयी बेताच्याच होत्या. जानेवारी १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला गेला. अरुंद खोली, सतत हेलकावे आणि मराठीत ज्याला 'बोट लागणे' म्हणतात तो त्रास यांचे विनोदी पण कडवट वर्णन त्याने पुढे केले. परतीसाठी त्याने आगबोट न घेता शिडाचे जहाज पसंत केले.

त्यानंतरच्या अर्धशतकात लाकडाऐवजी लोखंड व पुढे पोलाद, चाकांऐवजी मळसूत्री पंखा, आणि एका पंख्याऐवजी दोन पंखे असे बदल झाले. दुहेरी पंख्यांमुळे एक इंजिन बंद पडले तरी जहाज चालू राहू लागले. मग शिडे व डोलकाठ्या यांची गरज उरली नाही.

स्थलांतरितांचा प्रवास

लायनर म्हटले की झुंबरे आणि नृत्यगृहे आठवतात, पण या व्यवसायाचा पैसा बराच काळ खालच्या मजल्यावरून येत असे. सुकाणूच्या यंत्रणेजवळच्या, जहाजाच्या तळाकडील स्वस्त जागेला स्टीअरेज म्हणत. आयर्लंड, जर्मनी, स्कँडिनेव्हिया आणि नंतर इटली व पूर्व युरोप येथून निघालेले लक्षावधी लोक याच वर्गाने अमेरिकेला गेले.

शिडांच्या काळात हा प्रवास जिवावर बेतणारा होता. आयर्लंडमधील दुष्काळाच्या काळात, १८४७ मध्ये, गर्दीने भरलेल्या जहाजांत टायफस पसरला. क्वेबेकजवळच्या ग्रोस इल या विलगीकरण बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक लोकांना पुरण्यात आले. आगबोटींनी प्रवासाचे आठवडे दिवसांवर आणले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घसरले. गरीब प्रवाशाच्या दृष्टीने वाफेचा खरा लाभ हा होता.

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरात एलिस बेटावरील तपासणी केंद्र सुरू झाले. पहिल्या व दुसऱ्या वर्गातील प्रवाशांची तपासणी जहाजावरच उरकून त्यांना थेट धक्क्यावर उतरू दिले जाई. स्टीअरेजमधील प्रवाशांना मात्र बोटींतून बेटावर नेऊन वैद्यकीय व कायदेशीर चाचण्यांतून जावे लागे. १९५४ मध्ये केंद्र बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख लोक त्यातून गेले. नाकारलेल्या माणसाला परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीवर पडत असल्यामुळे कंपन्या युरोपातच प्रवाशांची तपासणी करू लागल्या. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनने त्यासाठी हॅम्बुर्गमधील वेडेल बेटावर स्थलांतरितांची वसाहतच उभारली.

१९२१ आणि १९२४ च्या अमेरिकी कायद्यांनी स्थलांतरावर कोटा लादला. स्टीअरेज ओस पडले. रिकाम्या जागांचे काय करायचे या विवंचनेतून कंपन्यांनी तेथे साध्या पण नीटनेटक्या खोल्या करून 'टुरिस्ट' वर्ग काढला आणि सुटीत युरोप पाहू इच्छिणारे अमेरिकी विद्यार्थी व शिक्षक तो वापरू लागले. हौशी सागरप्रवासाची आज दिसणारी रीत बरीचशी या व्यापारी अडचणीतून निघाली आहे.

मराठी प्रवासी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रपर्यटन उच्चवर्णीय हिंदू समाजात निषिद्ध मानले जात होते आणि परत आलेल्यांना प्रायश्चित्ताचा आग्रह केला जाई. अशा काळात आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून निघून इंग्लंडमार्गे जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोहोचल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे भाषण करून त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे जाहीरपणे सांगितले होते. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथाचा आरंभ लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या सागरप्रवासाच्या वृत्तान्ताने होतो. अटलांटिक ओलांडण्याचे मराठीतील हे फार आधीचे वर्णन आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले आणि १९१६ मध्ये, महायुद्धामुळे अटलांटिकवर पाणबुड्यांचे सावट असताना, तेथून लंडनला आले. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी अटलांटिक हा प्रवासाचा दुसरा टप्पा असे. पहिला टप्पा मुंबईच्या बॅलार्ड पिअरसारख्या धक्क्यावरून सुएझमार्गे युरोपपर्यंतचा होता. मुंबई ते युरोप ही प्रवासी सेवाही १९६० च्या दशकात विमानांपुढे ओसरली आणि १९६७ ते १९७५ या काळात सुएझ कालवा बंद राहिल्याने तिचा उरलासुरला आधार गेला.

वेगाची स्पर्धा

सर्वाधिक सरासरी वेगाने अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाचा मान 'ब्लू रिबँड' म्हणून ओळखला जाई. जर्मन जहाजांनी हा मान घेतल्यावर ब्रिटिश सरकारने कुनार्डला २६ लाख पौंडांचे कर्ज दिले आणि त्यातून लुसिटानिया व मॉरिटानिया ही टर्बाइनवर चालणारी जहाजे झाली. १९०७ मध्ये सेवेत आलेल्या मॉरिटानियाने पुढे वीस वर्षे हा मान राखला. त्यासाठी रोज सुमारे एक हजार टन कोळसा भट्ट्यांत टाकावा लागे आणि तो फावड्यांनी टाकणारी माणसे शेकडो होती. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. शेवटचे दोन-तीन नॉट मिळवण्यासाठी इंधन अवाच्या सव्वा लागते. म्हणूनच ही स्पर्धा निव्वळ व्यापारी हिशेबावर कधीच परवडली नाही. तिच्यामागे सरकारी कर्जे, टपालाची अनुदाने आणि युद्धकाळी जहाज हाती असावे हा आरमाराचा विचार होता.

१९३० च्या दशकात फ्रान्सचे नॉर्मंडी आणि ब्रिटनचे क्वीन मेरी यांच्यात हा मान आलटून पालटून जात राहिला. नॉर्मंडी फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आगीत नष्ट झाले. क्वीन मेरीने युद्धकाळात सैनिकांची वाहतूक केली. जुलै १९४३ मधील एका फेरीत तिच्यावर १६,६८३ माणसे होती. शेवटचा विक्रम जुलै १९५२ मध्ये युनायटेड स्टेट्स या अमेरिकी जहाजाने केला. पूर्वेकडील प्रवास त्याने ३ दिवस १० तास ४० मिनिटांत, सरासरी ३५ नॉटहून अधिक वेगाने पूर्ण केला. त्यानंतर कोणत्याही लायनरने तो मोडलेला नाही आणि मोडण्याचे प्रयोजनही उरले नाही.

अपघात

१५ एप्रिल १९१२ रोजी हिमनगावर आदळून टायटॅनिक बुडाले आणि सुमारे १,५०० जण मरण पावले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती; जीवरक्षक नौकांत जागा १,१७८ जणांपुरतीच होती. विशेष म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश नियमांनुसार ही संख्या पुरेशी ठरत होती, कारण ते नियम याहून पुष्कळ लहान जहाजे समोर ठेवून केलेले होते. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त सुरू झाली. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडजवळ लुसिटानिया बुडवले. त्यात जवळपास १,२०० जण दगावले. जुलै १९५६ मध्ये नॅन्टकेटजवळ धुक्यात इटलीचे आन्द्रेआ दोरिया आणि स्वीडनचे स्टॉकहोम यांची टक्कर झाली. दोन्ही जहाजांवर रडार होते व दोघांनीही एकमेकांना पडद्यावर पाहिले होते, तरी दिसणाऱ्या ठिपक्याचा अर्थ लावण्यात गफलत झाली. आन्द्रेआ दोरिया बुडायला सुमारे अकरा तास लागले, त्यामुळे टकरीतून वाचलेल्या बहुतेक सर्वांना इतर जहाजांनी उतरवून घेतले. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ मृत्यू झाले.

जेट विमाने आणि ऱ्हास

४ ऑक्टोबर १९५८ रोजी ब्रिटिश बीओएसी कंपनीने कॉमेट ४ विमानाने लंडन ते न्यूयॉर्क जेट सेवा सुरू केली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला पॅन अॅमचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले. जहाज कंपन्यांना हा धोका लगेच जाणवला नाही. प्रवाशाला आराम हवा असतो, घाई नव्हे, अशी त्यांची समजूत होती; फ्रान्सने तर १९६२ मध्ये फ्रान्स हे नवे भव्य लायनर सेवेत आणले. प्रत्यक्षात बहुसंख्य प्रवाशांना समुद्र कधीच नको होता, त्यांना पलीकडे जायचे होते. काही वर्षांतच हिवाळ्यातील फेऱ्यांत जहाजे निम्मीही भरेनाशी झाली. क्वीन मेरी १९६७ मध्ये, युनायटेड स्टेट्स १९६९ मध्ये आणि फ्रान्स १९७४ मध्ये, तेलाच्या दरवाढीनंतर, सेवेतून निघाले. पोलंडचे स्तेफान बातोरी हे जहाज मात्र गदिनिया ते मॉन्ट्रिऑल या मार्गावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत राहिले.

कुनार्डने १९६९ मध्ये सेवेत आणलेले क्वीन एलिझाबेथ २ हे जहाज उन्हाळ्यात अटलांटिक आणि हिवाळ्यात उष्ण प्रदेशांतील पर्यटन अशा दुहेरी कामासाठीच आखलेले होते. या एका निर्णयामुळे ते २००८ पर्यंत टिकले.

क्वीन मेरी २

क्वीन मेरी २ फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधले गेले आणि जानेवारी २००४ मध्ये सेवेत आले. त्याचे रचनाकार स्टीफन पेन होत. लांबी ३४५ मीटर असून कमाल वेग सुमारे ३० नॉट आहे. डिझेल इंजिने व गॅस टर्बाइने वीज निर्माण करतात आणि तिच्यावर जहाजाखाली बसवलेले चार पंखे चालतात. त्यांपैकी दोन सर्व दिशांना वळू शकतात. उत्तर अटलांटिकच्या लाटांपासून बचाव व्हावा म्हणून जीवरक्षक नौका नेहमीपेक्षा उंचावर टांगल्या आहेत. जहाजाचा धुराडा मात्र जुन्या लायनरांच्या मानाने बुटका आहे, कारण न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझानो पुलाखालून जाताना वर थोडेच अंतर उरते. बांधकाम सुरू असताना नोव्हेंबर २००३ मध्ये जहाजावर चढण्याचा तात्पुरता मार्ग कोसळून कामगार व त्यांचे नातेवाईक मृत्युमुखी पडले होते.

२००६ पासून न्यूयॉर्कमध्ये हे जहाज ब्रुकलिनच्या रेड हुक धक्क्याला लागते. सुरुवातीला सहा रात्रींत होणारा प्रवास पुढे इंधन वाचवण्यासाठी सात रात्रींचा करण्यात आला. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते, त्यामुळे प्रवाशाला पंचवीस तासांचे पाच दिवस मिळतात आणि विमानप्रवासानंतर झोपेचे वेळापत्रक बिघडण्याचा त्रास होत नाही. पूर्वेकडे येताना हेच तास परत द्यावे लागतात. ही सेवा बारमाही नाही. वर्षाच्या आरंभीचे काही महिने जहाज जगप्रवासाला जाते. कोविड साथीमुळे २०२० मध्ये खंडित झालेली अटलांटिक सेवा २०२१ च्या अखेरीस पूर्ववत झाली.

जहाज निवडण्याची कारणे

आज जहाजाने अटलांटिक ओलांडणाऱ्यांत सागरप्रवासाची हौस असणारे सर्वाधिक असले तरी ते सगळेच हौशी नसतात. विमानाची भीती असणारे, वैद्यकीय कारणाने उड्डाण टाळणारे आणि बिऱ्हाड हलवताना भरपूर सामान बरोबर नेऊ इच्छिणारे प्रवासीही असतात. क्वीन मेरी २ वर कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र जागा आहे. ती मर्यादित असल्याने फार आधी आरक्षित करावी लागते. पारपत्र, व्हिसा आणि सीमाशुल्काचे नियम विमानप्रवाशाप्रमाणेच लागू होतात. तिकिटात निवास व भोजन धरलेले असल्याने त्याची तुलना नुसत्या विमानभाड्याशी करणे योग्य ठरत नाही. तरीही एकूण खर्च साध्या वर्गाच्या विमानप्रवासापेक्षा बहुधा अधिकच येतो.

हवामानबदलाच्या कारणाने विमान टाळणाऱ्यांचाही एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे. स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग हिने ऑगस्ट २०१९ मध्ये प्लिमथ ते न्यूयॉर्क हा प्रवास मालिझिया २ या शर्यतीच्या शिडाच्या नौकेतून दोन आठवड्यांत केला. मात्र शिडाची नौका आणि प्रवासी लायनर यांत फरक करणे आवश्यक आहे. समुद्रमार्गे होणारी मालवाहतूक दर टनामागे अत्यंत कमी इंधनात होते, यावरून प्रवासी जहाजही तसेच असेल असा समज होतो. तो बरोबर नाही. लायनर माणसांबरोबर त्यांच्या खोल्या, स्वयंपाकघरे, पोहण्याचे तलाव, धुलाईघर आणि हजाराहून अधिक कर्मचारी वाहून नेते, आणि ते सर्व आठवडाभर चालते ठेवते. त्यामुळे प्रवाशामागे होणारे कार्बन उत्सर्जन त्याच मार्गावरील विमानाच्या साध्या वर्गापेक्षा सामान्यतः जास्त भरते.

मालवाहू जहाजाची गोष्ट वेगळी आहे. ते प्रवासी असो वा नसो जाणारच असते, त्यामुळे एका प्रवाशाने त्याच्या इंधनात पडणारी भर नगण्य असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज प्रवासी जहाज ठरते व त्यास अधिक कडक अटी लागू होतात. म्हणून मालवाहू जहाजे जास्तीत जास्त बारा जणांना घेतात. अशा जहाजावर करमणुकीची सोय नसते, बहुधा डॉक्टर नसतो आणि सुटण्याची तारीख मालाच्या चढ-उतारावर अवलंबून असते. १८१८ पूर्वीच्या प्रवाशाची जी अडचण होती, तीच येथे पुन्हा भेटते. कोविड काळात बहुतेक कंपन्यांनी प्रवासी घेणे थांबवले आणि त्यानंतर हा पर्याय पूर्वीइतका सहज उपलब्ध राहिलेला नाही.

जतन केलेली जहाजे

ब्रुनेलचे ग्रेट ब्रिटन १९७० मध्ये फॉकलंड बेटांवरून ओढून आणून ब्रिस्टल येथे, ज्या गोदीत ते बांधले गेले तेथेच, संग्रहालय म्हणून ठेवले आहे. क्वीन मेरी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे आणि क्वीन एलिझाबेथ २ दुबई येथे तरंगती हॉटेले झाली आहेत. युनायटेड स्टेट्स हे जहाज अनेक वर्षे फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर गंजत उभे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते तेथून ओढून मोबील बंदरात नेण्यात आले. साफसफाईनंतर फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडवून त्याचे माशांसाठी कृत्रिम प्रवाळखडकासारखे आश्रयस्थान करण्याची योजना आहे.